बुडबुड्यांचा हिशेब: प्लांटेड टँकमधल्या सीओटूच्या वीस गोष्टी

हिरवागार प्लांटेड टँक बघितला की घरी आलेले पाहुणे हमखास विचारतात, ‘खत कोणतं घालता?’ खरं तर विचारायला हवं, ‘सीओटू किती सोडता आणि किती वाजता?’ गोड्या पाण्यातल्या बागेचं रंगरूप बरंचसं या एका वायूवर ठरतं. दिवे, माती, खतं यांबद्दल सगळे भरभरून बोलतात. कार्बन डायऑक्साइडबद्दल मात्र माहिती अर्धवट आणि भीती भरपूर. म्हणून या वीस गोष्टी. वाचा आणि जमेल ते आपल्याच टँकपाशी जाऊन पडताळून बघा.

१. वाळलेल्या झाडात ४० टक्के कार्बन

पाण्यातली वनस्पती उपटून कडकडीत वाळवली आणि तिचं वजन केलं, तर त्यातला ४० टक्क्यांच्या आसपास भाग निव्वळ कार्बन असतो. नायट्रोजन दोन-चार टक्के, फॉस्फरस फार तर अर्धा टक्का, लोह तर नावापुरतं. म्हणजे बाटलीतली खतं ही ताटातली चटणी-कोशिंबीर. भात-भाकरी आहे ती कार्बनची. जमिनीवरचं झाड तो हवेतून घेतं. पाण्याखालच्या झाडाची मुख्य भिस्त पाण्यात विरघळलेल्या सीओटूवर असते.

२. हवेकडून मिळतो अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास

हवेत सीओटूचं प्रमाण ०.०४ टक्क्यांहून जरासं जास्त. २५ अंश सेल्सियसचं पाणी हवेत उघडं राहिलं, तर लिटरमागे जेमतेम ०.६ मिलिग्रॅम सीओटू त्यात टिकतो. त्याच पाण्यात ऑक्सिजन मात्र ८ मिलिग्रॅमच्या वर असतो. प्लांटेड टँकसाठी लिटरला २० ते ३० मिलिग्रॅम सीओटूचं लक्ष्य ठेवतात, म्हणजे हवेतून मिळतो त्याच्या तीस ते पन्नास पट. हे निसर्गाच्या विरुद्ध आहे असं समजू नका. जमिनीखालून येणारं झऱ्याचं पाणी मातीतली मुळं आणि जिवाणू यांनी सोडलेला सीओटू बरोबर घेऊन वर येतं. ब्राझीलमध्ये बोनितो परिसरात चुनखडीतून उगवणाऱ्या नितळ नद्या पाण्याखालच्या हिरव्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत.

३. पाण्यात हा वायू दहा हजार पट हळू

हवेत सीओटू ज्या वेगानं पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. त्यातच पानाला लगटून असलेला पाण्याचा पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. सीओटू टँकभर असला, तरी तो थर ओलांडेपर्यंत पान उपाशी. म्हणूनच पाणवनस्पतींची पानं पातळ असतात. हायड्रिलाचं पान बहुतेक ठिकाणी फक्त दोन पेशींइतकं जाड आहे. यावरून एक सोपी खूण मिळते: फिल्टरच्या प्रवाहात टँकच्या कोपऱ्यातलं पानसुद्धा हलकं डोलायला हवं. जिथली पानं निश्चल, तिथं सीओटूची टंचाई.

४. शंभर लिटर पाण्याला तीन ग्रॅम पुरतात

लिटरला ३० मिलिग्रॅम या हिशेबानं १०० लिटरच्या टँकमध्ये एका वेळी विरघळलेला सीओटू भरतो अवघा ३ ग्रॅम. सोडा वॉटरमध्ये लिटरला साधारण ६ ते ८ ग्रॅम असतो. म्हणजे अर्धा लिटर सोड्यातल्या वायूत शंभर लिटरची बाग एकदा न्हाऊन निघते. गोटी सोड्याची बाटली आठवा. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्यानं १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तिच्यातली गोटी आतल्या सीओटूच्याच दाबानं रबरी कड्याला घट्ट चिकटून बसते. मात्र सोडा टँकमध्ये ओतू नका. पातळी एकदम चढलेली माशांना सोसत नाही, आणि वायूही काही तासांत उडून जातो. रोज, सावकाश, बारीक धारेनं देणं यालाच सीओटूचं व्यवस्थापन म्हणतात.

५. सोडा वॉटर आणि झाडांचा श्वास, शोधणारा एकच

जोसेफ प्रीस्टली लीड्समध्ये राहायला आला, तेव्हा शेजारी बिअरची भट्टी होती. आंबणाऱ्या पिंपांवर तरंगणाऱ्या वायूत त्यानं पाणी धरलं आणि १७६७ मध्ये सोडा वॉटर तयार केलं. ते बनवायची रीत त्यानं १७७२ मध्ये छापली. मधल्या काळात, १७७१ मध्ये, मेणबत्ती विझलेल्या बंद हवेत त्यानं पुदिन्याची काडी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली! पाण्यात सीओटू मिसळायची युक्ती आणि झाडं हवा सुधारतात हा शोध, प्लांटेड टँकचे हे दोन्ही पाय एकाच माणसानं रोवले.

६. बुडबुड्यातला ऑक्सिजन पाण्याचा, सीओटूचा नव्हे

यान इंगेनहाउस हा डच डॉक्टर देवी टोचण्यात निष्णात होता. ऑस्ट्रियाच्या राणीच्या कुटुंबाला देवी टोचायला त्यालाच बोलावलं होतं. त्यानं १७७९ मध्ये पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली. पानांवर बुडबुडे आले. अंधारात ठेवल्यावर ते थांबले. प्रकाशाशिवाय हे काम होत नाही, हे त्यानं पहिल्यांदा दाखवलं. पुढे १६० वर्षं अनेकांना वाटत राहिलं, की हा ऑक्सिजन सीओटू फुटून निघतो. १९४१ मध्ये सॅम्युअल रुबेन आणि मार्टिन केमन यांच्या गटानं बर्कलीत जड ऑक्सिजन वापरून प्रयोग केला आणि उलगडा झाला: बुडबुडा पाण्यातून येतो, सीओटूतला कार्बन पानात साठतो.

७. खरे मोती, खोटे मोती

पानांवर चमकणाऱ्या बुडबुड्यांना शौकीन ‘पर्लिंग’ म्हणतात. झाड इतका ऑक्सिजन सोडतं, की पाण्यात तो मावेनासा होतो आणि पानावर थेंबासारखा जमतो. पण पाणी बदलल्यावर लगेच दिसणारे बुडबुडे निराळे. नळाचं पाणी दाबाखाली असतं. दाब सुटला की त्यात विरघळलेले वायू बाहेर पडतात आणि काच, दगड, फिल्टरची नळी, सगळीकडे चिकटतात. खरी परीक्षा अशी: दिवे लागून तीन-चार तास झाल्यावर नीट बघा. बुडबुडे फक्त पानांवर असतील, आणि एखाद्या कापलेल्या देठातून बारीक मण्यांची सरळ माळ वर जात असेल, तर तुमची बाग पोटभर जेवली आहे.

८. सायकलपटूनं लावलेली बाग

ताकाशी अमानो (१९५४–२०१५) हे जपानच्या निगाताचे. आधी ते व्यावसायिक सायकलपटू होते, पुढे छायाचित्रकार झाले. सुरुवातीला त्यांनी टँकमध्ये सोडा वॉटर घालून बघितलं, ही गोष्ट या छंदातली माणसं आवडीनं सांगतात. १९८२ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅक्वा डिझाइन अमानो’ कंपनी काढली, आणि सीओटू, तेज दिवे व जपानी बागेची नजर यांतून ‘नेचर अ‍ॅक्वेरियम’ ही शैली जगभर गेली. शेवाळ खाणारी अमानो कोळंबी त्यांच्याच नावानं ओळखली जाते. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी ४० मीटर लांबीचा, १ लाख ६० हजार लिटरचा गोड्या पाण्याचा टँक उभा केला. तो २०१५ मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी अमानो गेले.

९. शाळेतली हायड्रिला, ज्वारीची मैत्रीण

शाळेच्या प्रयोगशाळेत उपड्या नरसाळ्याखाली ठेवलेली हायड्रिला आपल्यातल्या बहुतेकांनी बघितली आहे. बीकरमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की बुडबुडे वाढतात, हेही वहीत लिहिलं आहे. याच वनस्पतीवर जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात प्रयोग केले. सुटणाऱ्या वायूची आपोआप नोंद करणारं यंत्र त्यांनी बनवलं आणि १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावर पुस्तक लिहिलं. उन्हाळ्यातली हायड्रिला वेगळी वागते, तिच्या रसात मॅलिक आम्ल जास्त असतं, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

कारण पुढे उमगलं. ऊन तापलं, गर्दी झाली आणि पाण्यातला सीओटू संपत आला की हायड्रिला ‘सी-फोर’ पद्धतीवर जाते. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस याच पद्धतीनं कार्बन जमवतात. पण त्यांना त्यासाठी दोन प्रकारच्या पेशी लागतात. हायड्रिला ते एकाच पेशीत उरकते. या चिवटपणामुळे १९५०च्या दशकात मत्स्यालयाची शोभा म्हणून फ्लोरिडात गेलेल्या हायड्रिलानं तिथली तळी-कालवे व्यापून टाकले. म्हणून एक कळकळीचं सांगणं: टँकमधली छाटलेली झाडं ओढ्यात किंवा तळ्यात कधीही टाकू नका.

१०. पाचगणीच्या नावाची, मुळांनी कार्बन घेणाऱ्या घराण्यातली

आयसोइटिस ही गवतासारखी दिसणारी, पण नेच्यांच्या नात्यातली प्राचीन वनस्पती. तिची एक जात पाचगणीच्या नावानं ओळखली जाते, आयसोइटिस पाचगणीएन्सिस. दुसरीला प्रा. टी. एस. महाबळे यांनी १९३८ मध्ये सह्याद्रीचं नाव दिलं. पावसाळी डबक्यांत वाढणाऱ्या या घराण्यातल्या अनेक जाती सीओटू रात्री गोळा करून ठेवतात आणि दिवसा वापरतात. अननस आणि निवडुंगही हेच करतात. वाळवंटी झाडं पाणी वाचवायला ही युक्ती वापरतात. डबक्यातली आयसोइटिस वापरते ती दिवसा पाण्यात सीओटू उरत नाही म्हणून. पेरूच्या अँडीज पर्वतातल्या या गटातल्या एका वनस्पतीच्या पानांना तर रंध्रंच नाहीत. ती सगळा सीओटू मुळांतून, चिखलातून घेते.

११. पानावरची पांढरी पूड म्हणजे भुकेची खूण

सीओटू संपला की काही झाडं पाण्यातल्या बायकार्बोनेटवर गुजराण करतात. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि एजेरिया त्यात पटाईत. पण हे काम ऊर्जा खाणारं आहे आणि त्याची निशाणी मागे राहते. कडक पाण्याच्या टँकमधलं व्हॅलिस्नेरियाचं जुनं पान चिमटीत धरून बोट फिरवा. खरखरीत लागलं आणि पांढरी पूड बोटाला आली, तर तो कॅल्शियम कार्बोनेट आहे. गिझरच्या कॉइलवर बसणारे क्षार तेच. बायकार्बोनेटमधला कार्बन झाडानं घेतला आणि चुना पानावरच बसला. अशा टँकमध्ये संध्याकाळी पीएच मोजला, तर सकाळपेक्षा बराच चढलेला सापडतो. बोअरच्या पाण्यावर टँक ठेवणाऱ्यांना ही पूड नेहमी दिसते. मॉसला आणि बऱ्याच नाजूक झाडांना ही विद्या अवगत नाही. ती बायकार्बोनेट वापरू शकत नाहीत, त्यांना सीओटूच लागतो.

१२. पीएच एकानं उतरला, सीओटू दहापट झाला

पाण्याची कार्बोनेट कठीणता म्हणजे केएच. केएच, पीएच आणि सीओटू या तिघांचं नातं पक्कं आहे. दोन माहीत असले की तिसरा निघतो. केएच ४ अंश असेल तर पीएच ७.६ ला लिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅम सीओटू. तोच पीएच ६.६ वर आला की सुमारे ३० मिलिग्रॅम. म्हणून जाणकार एक सोपा मार्ग सांगतात. टँकमधलं पाणी ग्लासात काढून रात्रभर उघडं ठेवा, त्याचा पीएच मोजा. सीओटू चालू असताना टँकचा पीएच त्यापेक्षा साधारण एकानं कमी असायला हवा.

एक सावधगिरी. हे नातं फक्त सीओटूमुळे उतरलेल्या पीएचला लागू आहे. बेटा माशासाठी देशी बदामाची वाळलेली पानं टाकली असतील, किंवा आम्लधर्मी माती अंथरली असेल, तर पीएच त्यांच्यामुळेही उतरतो. मग तक्त्यातून काढलेला सीओटूचा आकडा फुगलेला येतो.

१३. टँकमधला निळा-हिरवा-पिवळा दिवा

ड्रॉप चेकर म्हणजे टँकच्या आत काचेला चिकटवलेला, तोंड खाली असलेला छोटा काचेचा फुगा. त्यात थोडं द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे दोन-तीन थेंब. द्रावण आणि टँकचं पाणी यांच्यामध्ये हवेचा कप्पा अडकलेला असतो, आणि सारी करामत त्या कप्प्याची. तो ओलांडून फक्त वायू जातो. बदामाच्या पानांची किंवा मातीची आम्लं पलीकडे जाऊ शकत नाहीत. निळा रंग म्हणजे सीओटू कमी, हिरवा म्हणजे तीसच्या आसपास, पिवळा म्हणजे जास्त.

आतलं द्रावण टँकच्या पाण्याचं चालत नाही. त्याचा केएच नेमका ४ अंश हवा. घरी करायचं तर एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन आणखी ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. झालं द्रावण. रंग बघताना मागे पांढरा कागद धरा. आणि लक्षात ठेवा, हा रंग तासा-दोन तासांपूर्वीची स्थिती सांगतो. त्याच्या भरवशावर झटपट वायू वाढवत जाऊ नका.

१४. ‘सेकंदाला दोन बुडबुडे’ हे माप नाही

एका शौकिनानं सेकंदाला दोन बुडबुडे सोडले म्हणून दुसऱ्यानंही तेवढेच सोडायचे, याला काही अर्थ नाही. प्रत्येक बबल काउंटरच्या बुडबुड्याचा आकार वेगळा असतो. डिफ्यूझर किती बारीक फवारा करतो, पृष्ठभाग किती हलतो, टँक किती खोल आहे, या सगळ्यांवर खरी पातळी ठरते. बुडबुडे मोजायचे ते आपलाच काल आणि आपलाच आज ताडून बघायला. सिरॅमिक डिफ्यूझरची चकती शेवाळानं भरली की बुडबुडे मोठे होतात, वर जाऊन फुटतात आणि वायू वाया जातो. काउंटरवर मात्र आकडा तोच दिसतो! चकती वेळच्या वेळी धुवा.

१५. सिलिंडरचा काटा शिल्लक सांगत नाही

सिलिंडरमध्ये सीओटू द्रवरूपात असतो. २० अंशांना त्याचा दाब ५७ बारच्या आसपास. द्रवाचा थोडा जरी साठा आत असला तरी दाब तेवढाच राहतो. म्हणून सिलिंडर भरलेला असो वा पाव, काटा जागचा हलत नाही, आणि द्रव संपला की भराभर खाली येतो. शिल्लक जाणून घ्यायची तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. दाबाचा काटा उतरू लागला की साध्या, एकटप्पी रेग्युलेटरमधून बाहेरचा दाब उलट वाढू शकतो, आणि शेवटचा वायू एकदम टँकमध्ये येतो. काटा उतरला की लगेच बदली करा.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. ३१.१ अंश सेल्सियसच्या वर कितीही दाब दिला तरी सीओटू द्रव राहत नाही. नागपूरच्या मे महिन्यात सिलिंडरमधला द्रव आणि वायू हा भेदच मिटतो आणि दाब चढत जातो. सिलिंडर उन्हात, गॅलरीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. दोन किलो सीओटूचा मोकळा वायू सुमारे १,१०० लिटर होतो आणि तो हवेपेक्षा दीडपट जड असतो. जोडांना साबणाचं पाणी लावून गळती तपासा, खोलीत वारा खेळता ठेवा.

१६. साखर, यीस्ट आणि लिंबूसत्त्व

सिलिंडरशिवायही सीओटू तयार होतो. १८० ग्रॅम ग्लुकोज यीस्टनं पूर्ण आंबवलं, तर ८८ ग्रॅम सीओटू मिळतो, बाकीचं अल्कोहोल. बाटली, साखर, कोमट पाणी, यीस्ट आणि नळी, एवढ्यावर अनेकांची पहिली बाग फुलली आहे. अडचण एकच: यीस्टला रात्र कळत नाही. दिवे मालवल्यावरही ते वायू सोडत राहतं, आणि थंडीत मंदावतं. नळीत एकमार्गी झडप जरूर लावा, नाहीतर टँकमधलं पाणी उलटं बाटलीत शिरतं.

दुसरी रीत खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्वाची. ढोकळा फुगतो तो याच दोन पदार्थांच्या भेटीतून सुटणाऱ्या सीओटूमुळे. दोन बाटल्यांचे संच यासाठी बाजारात मिळतात आणि त्यांच्या झडपेनं प्रवाह आवरता येतो. पण बाटली दाब सोसणारीच हवी. काचेची बाटली या कामाला अजिबात घेऊ नका.

१७. ‘लिक्विड कार्बन’मध्ये सीओटू नसतो

दुकानात ‘लिक्विड कार्बन’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांमध्ये ग्लुटरअल्डिहाइड किंवा त्याचा जवळचा प्रकार असतो. रुग्णालयात उपकरणं निर्जंतुक करायला हेच रसायन वापरतात. शेवाळ मारायला ते कामाला येतं, पण सीओटूची जागा घेत नाही. व्हॅलिस्नेरिया, रिक्सिया आणि मॉस यांना ते सोसत नाही. पानं अक्षरशः विरघळतात. मात्रा मोजूनच घाला, हातमोजे घाला, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

१८. दिव्याच्या आधी वायू, दिव्याच्या आधीच बंद

दिवे लागताच झाडं जेवायला बसतात, तेव्हा पान वाढलेलं हवं. म्हणून सीओटू दिव्यांच्या तास-दोन तास आधी चालू करतात आणि दिवे मालवण्याच्या सुमारे एक तास आधी बंद करतात. टायमरला जोडलेला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, हे काम रोज चोख करतो. रात्री झाडंही माशांसारखाच ऑक्सिजन घेतात आणि सीओटू सोडतात, म्हणून पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. रात्री पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवलेला बरा.

वीज गेली तर? सोलेनॉइड बंद होतो आणि वायू थांबतो. पण फक्त हातानं फिरवायची झडप असेल, तर फिल्टर बंद पडलेल्या, साचलेल्या पाण्यात वायू येतच राहतो. भारनियमनाच्या गावात सोलेनॉइड ही चैन नाही.

१९. काळी दाढी मुळात लाल

पानांच्या कडांना आणि दगडांना चिकटणाऱ्या काळ्या केसाळ शेवाळाला शौकीन ‘ब्लॅक बिअर्ड’ म्हणतात. तिचा पुंजका स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा. हिरवं द्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं आणि पुंजका लालसर दिसू लागतो, कारण ही लाल शैवालांच्या कुळातली. सीओटू रोज वरखाली होणाऱ्या टँकमध्ये ती फोफावते, हा या छंदातल्या लोकांचा जगभरचा अनुभव आहे. आज ३०, उद्या १०, परवा पुन्हा ३० असं करण्यापेक्षा रोज १५ दिलेला बरा.

२०. माशांचा श्वास आणि बोर कुटुंब

सीओटू फार वाढला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले जोरात हलवतात. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला तरीही! कारण कोपनहेगनच्या ख्रिस्तिआन बोर यांनी १९०४ मध्ये सांगितलं: रक्तात सीओटू वाढला की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. अणूची रचना मांडणारे नोबेल विजेते नील्स बोर हे त्यांचेच चिरंजीव. गुरामी आणि बेटा एरवीही हवा घ्यायला वर येतात, म्हणून त्यांच्यावरून अंदाज बांधू नका. टेट्रा, रासबोरा आणि कोळंबी यांच्यावर नजर ठेवा. ते अस्वस्थ दिसले तर सीओटू तत्काळ बंद करा, एअर पंप लावा, थोडं पाणी बदला. ड्रॉप चेकर हिरवा आहे म्हणून थांबू नका. माशाची साक्ष आधी, रंगाची नंतर.

आता तुमची पाळी

प्रत्येक टँकला सीओटूचा सिलिंडर लागत नाही. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन आणि मॉस मंद दिव्यात, नुसत्या हवेच्या भरवशावर सावकाश, पण छान वाढतात. आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडची लालबुंद रोटाला मॅक्रांड्रा हवी असेल, किंवा तळाशी हिरवा गालिचा अंथरायचा असेल, तर मात्र सीओटूला पर्याय नाही. दिवा जितका प्रखर, तितकी भूक मोठी. वायू नसताना दिवा वाढवला तर त्याचा फायदा शेवाळालाच होतो. म्हणून झाडं कोमेजली की आधी दिव्याचे तास कमी करा, मग प्रवाह तपासा, आणि शेवटी सिलिंडरचा विचार करा.

सिलिंडर घ्यायचं ठरलंच, तर सुरुवात सुट्टीच्या दिवशी करा, म्हणजे दिवसभर घरी राहून लक्ष ठेवता येईल. अगदी कमी बुडबुड्यांनी सुरू करा, दर तासाला माशांकडे बघा, आणि वाढवायचं ते दोन-तीन दिवसांनी एकेक पायरी. नवीन टँक लावणाऱ्या प्रत्येकानं एवढंच पाळलं, तरी या छंदातले बरेच मासे वाचतील आणि बऱ्याच बागा फुलतील.